पूर्वजांचा माग: कोणता कागद कोणासाठी लिहिला?

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर सिरुसेरी आहे. इथल्या सिपकॉट आयटी पार्कमध्ये नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच कोणीतरी विचारते, "तुमचं इनिशियल काय?" तमिळनाडूत बहुतेक घरांत आडनाव नाही. वडिलांच्या नावाचे, कधी गावाच्याही नावाचे आद्याक्षर आपल्या नावाआधी लावायचे, झाले. पुण्याहून किंवा नागपूरहून आलेला इंजिनिअर गडबडतो आणि आडनावाचेच पहिले अक्षर देऊन मोकळा होतो. त्याच मजल्यावर कोणीतरी 'राव' बसलेला असतो. नावाआधी दोन अक्षरे, कागदोपत्री पक्का तमिळ, आणि दुपारी डबा उघडताना आईशी फोनवर मराठीत बोलतो. मराठी जुने, मधेच तमिळ हेल असलेले, पण मराठीच. त्याला आडनाव विचारले तर बरेचदा तो म्हणतो, होते काहीतरी, आजोबांना ठाऊक होते.

तंजावरी मराठी घरांतली ही गळती नवी नाही. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाण झालेले माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले. बडोद्याच्या मराठी दरबारातही ते 'सर टी. माधवराव'च राहिले. तो 'टी' तंजावरचा. महाराष्ट्रात आडनावावरून गाव कळते, तंजावरकडे गावच नावात शिरले आणि आडनाव बाहेर पडले. सिरुसेरीत राहू लागल्यापासून या घरांतली तरुण मुले मला विचारतात, आमचे मूळ गाव कसे शोधायचे? महाराष्ट्रातून आलेलेही विचारतात, फक्त त्यांचे कारण वेगळे असते. कोणाला दाखला हवा असतो, कोणाला वारसाची नोंद, कोणाला नुसती ओढ असते. त्या निमित्ताने मराठी माणसाला पूर्वजांचा माग काढायला काय काय उपलब्ध आहे, त्यातले किती भरवशाचे, याचा हा आढावा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. पूर्वज आठवावेत म्हणून कोणी कागद लिहीत नव्हते. वतन टिकावे, इनाम सुटू नये, सारा वसूल व्हावा, दक्षिणा मिळावी, खटला जिंकावा, म्हणून लिहीत होते. त्यामुळे प्रत्येक नोंदीला आधी विचारायचे की ही कोणाच्या हक्कासाठी झाली? त्या उत्तरातच तिचा भरवसा कळतो, आणि ती कोणाला गाळते तेही कळते.

सुरुवात तंजावरच्या भिंतीपासूनच करू. बृहदीश्वराच्या देवळात दुसऱ्या सरफोजीने १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. 'भोसले वंश चरित्र' म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि लिहिला बाबूराव चिटणिसांनी. कुळाची वंशावळ एवढ्या विस्ताराने दगडावर उतरलेली दुसरी सापडणे कठीण. आपण मराठी लोक तिथे जातो, भाषा ओळखून हरखतो, फोटो काढतो. पण १८०३ हे साल नीट पाहावे. सरफोजी दत्तक होता. १७८७ मध्ये तुळजाजी वारल्यावर कंपनीने ते दत्तक अमान्य करून अमरसिंहाला गादी दिली, आणि अकरा वर्षांनी मत फिरवून १७९८ मध्ये सरफोजीला बसवले. लगेच पुढच्या साली तह झाला आणि राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. म्हणजे ज्याच्या वारशावर अकरा वर्षे वाद चालला आणि ज्याच्या हातात राज्य उरले नाही, त्या राजाने आपले कूळ दगडावर लिहिले. तो लेख भावनेचा आहेच, पण त्याआधी तो दावा आहे. म्हणून जवळच्या पिढ्यांसाठी तो मोलाचा साक्षीदार, आणि मूळ पुरुषाकडे जितके मागे जावे तितका सावधपणे वाचायचा. हीच कसोटी आपल्या घरातल्या फ्रेममध्ये लावलेल्या वंशवृक्षालाही लावावी.

राजाची गोष्ट राजाची झाली. सामान्य तंजावरी घराने कुठे पाहायचे? सरस्वती महाल ग्रंथालयात मराठा राजवटीच्या मोडी कागदांची तेराशेहून अधिक बासने आहेत. राजवाड्याचा खर्च, देवस्थाने, छत्रे, नेमणुका, पगार असे कारभाराचे कागद. ओरतनाडूच्या मुक्तांबाळ छत्रासारख्या अन्नछत्रांत स्वयंपाकी, वैद्य, शिक्षक, कारकून असा मोठा नोकरवर्ग होता, आणि नोकराचे नाव पगाराच्या कागदात येते. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांचे तमिळ अनुवाद प्रसिद्ध केले आहेत. मराठी कागद मराठी वंशजाने तमिळमधून वाचायचा, यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. उलट तमिळ अभ्यासकांनी ते काम केले नसते तर तेवढेही हाती लागले नसते.

मूळ गावाची अडचण मात्र तंजावरात सुटत नाही. व्यंकोजींनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले, पण ही माणसे थेट महाराष्ट्रातून आली असे धरून चालणे चूक. शहाजीराजे आदिलशाहीतर्फे कर्नाटकात होते. बंगळूर त्यांची जहागीर होती, आणि १६६४ मध्ये ते वारले तेही कर्नाटकातल्या होदिगेरेला. त्यांच्याबरोबर उतरलेली घराणी एक-दोन पिढ्या तिकडे राहून मग कावेरीकाठी आली. म्हणून पुण्याच्या किंवा साताऱ्याच्या दफ्तरात नाव सापडले नाही तर निराश होऊ नये. मधला टप्पा कन्नड मुलखात आहे. दुसरे, गोत्रावरून गाव सापडत नाही. एकाच गोत्राची घरे गोदावरीपासून कावेरीपर्यंत पसरली आहेत. कुलदैवताची आठवण त्यापेक्षा पुष्कळ कामाची. साडेतीनशे वर्षे तमिळ बोलत्या गावात राहून ज्या घरात खंडोबाचा टाक किंवा तुळजापूरच्या भवानीचा कुळाचार टिकला आहे, तिथे शोधाची दिशा तरी हाती लागते.

मोडी वाचायला शिकणे ही पहिली पायरी, पण खरा अडसर बहुधा तारखेचा असतो. जुन्या कागदात इसवी सन नाही. शक असेल तर ७८ मिळवायचे. फसली सन असेल तर साधारण ५९०. शुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, कारण ते वर्ष मृग नक्षत्रावर, पावसाच्या तोंडाशी सुरू होते. जानेवारीपासून पुढच्या महिन्यांना एक जास्त. आणि शुहूर सन आकड्यात नसतो, अरबी शब्दांत असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ६०० मिळवले की पानिपतची संक्रांत, जानेवारी १७६१. हे गणित न करता खापरपणजोबांना त्यांच्या मुलाच्या नंतर जन्माला घातलेल्या वंशावळी मी पाहिल्या आहेत.

तंजावरच्या बाबतीत आणखी एक खाण आहे, तिच्याकडे फार थोडे लोक वळतात. ती म्हणजे न्यायालयाचे निकाल. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुत्राविना वारला, कंपनीने राज्य आणि मिळकत दोन्ही घेतली, तेव्हा थोरली राणी कामाक्षीबाई लढायला उभी राहिली. तो दावा १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि राणी हरली. पुढे खासगी मिळकत राण्यांना मिळाली आणि तिच्या वाटण्यांचे दावे विसाव्या शतकापर्यंत चालले. १९२४ साली मद्रास उच्च न्यायालयात 'कोल्हापूरचे महाराज विरुद्ध सुंदरम अय्यर' हा खटला निकाली निघाला. त्यात राजाशी थेट नव्हे, तर त्याच्या तलवारीशी लग्न लावून राजवाड्यात आणलेल्या स्त्रियांचा आणि त्यांच्या वंशजांचा प्रश्न होता. हे लग्न म्हणावे का? मुलांना वारसा किती? तंजावरचे मराठे कोणत्या वर्णाचे? न्यायाधीशांना वंशावळी, लग्नाचे विधी, घराण्याचे रिवाज सगळे तपासावे लागले. राजवाड्याच्या बखरीत या स्त्रिया बहुधा सापडल्या नसत्या. भांडण झाले म्हणून त्या नोंदीत आल्या. ज्या घरात कधी जमिनीचा किंवा दत्तकाचा दावा झाला असेल, त्या घराने आधी कोर्टाचे कागद शोधावेत. दोन्ही बाजू एकमेकांच्या वंशावळी खोडायला टपलेल्या असतात, त्यामुळे खोटे पूर्वज तिथे फार टिकत नाहीत.

चेन्नईत राहणाऱ्याने एकदा फोर्ट सेंट जॉर्जमधल्या सेंट मेरी चर्चच्या अंगणात जाऊन यावे. आपले पूर्वज तिथे नाहीत, पण नोंद कशी ठेवतात ते कळते. चर्च १६८० च्या ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले आणि आठवड्याभरात पहिले लग्न लागले ते इलायहू येलचे, ज्याच्या नावाने पुढे अमेरिकेत विद्यापीठ झाले. रॉबर्ट क्लाइव्हचे लग्नही इथलेच, १७५३ सालचे. बाप्तिस्मा, लग्न, दफन अशा नोंदी ठेवल्या गेल्या आणि मद्रास, बंगाल, मुंबई या तिन्ही इलाख्यांतल्या चर्चांच्या अशा नोंदींच्या नकला लंडनला जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे दोन-अडीचशे वर्षांपूर्वी मद्रासमध्ये मेलेल्या एखाद्या साध्या इंग्रज शिपायाची तारीख सापडते आणि त्याच साली मेलेल्या मराठी सुभेदाराची सापडत नाही. कारण साधे आहे. शिपायामागे विधवा होती, तिला निवृत्तिवेतन द्यायचे होते, आणि मेलेल्याची मालमत्ता कोणाची हे ठरवायचे होते.

अंगणातली थडगी मात्र फसवी आहेत. फरशीसारख्या अंथरलेल्या या दगडांतले काही चर्चहूनही जुने आहेत. एकावर १६५२ साल आहे. हे दगड मुळात किल्ल्याबाहेरच्या दफनभूमीतले, आज जिथे लॉ कॉलेज आहे तिथले. १७५८-५९ मध्ये लालीच्या फ्रेंच फौजेने किल्ल्याला वेढा घातला तेव्हा तिने या उभ्या थडग्यांचा आडोसा घेतला. वेढा उठल्यावर इंग्रजांनी थडगी काढली आणि दगड आत आणून पसरले. म्हणजे दगड इथे, माणूस तिथे. तंजावरात याच्या उलट एक गोड उदाहरण आहे. सरफोजीचा सांभाळ करणारा जर्मन मिशनरी श्वार्ट्‌झ १७९८ मध्ये वारला. त्याच्या थडग्यावरचा इंग्रजी पद्यलेख सरफोजीने स्वतः रचला, आणि किल्ल्यातल्या चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून बसवले. मराठी राजाने आपल्या पालकासाठी इंग्रजीत लिहिलेला मृत्युलेख, ज्याला कुठल्याही हक्काची गरज नव्हती. असे दगड दुर्मिळ.

आपल्याकडे दहनाची रीत, म्हणून थडग्यांवरून कूळ शोधणे आपल्याला लागू नाही, असे सहज म्हटले जाते. ते अर्धेच खरे. लिंगायत, गोसावी, नाथपंथी आणि इतर कित्येक समाजांत पुरण्याची रीत आहे, समाध्या आहेत. महाराष्ट्रात गावोगावी वीरगळ उभे आहेत. खाली लढाई, वर अप्सरा वीराला नेतात, सर्वांत वर तो शिवलिंगाशी बसलेला, आणि नाव बहुधा कुठेच नाही. गावाला तो कोण होता हे माहीत होते, लिहायची गरज वाटली नाही, आणि तीन पिढ्यांत तो कोणाचाच राहिला नाही. याच्या समोर कोरेगाव भीमाचा स्तंभ ठेवावा. १८१८ च्या लढाईत कंपनीकडून पडलेल्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत, आणि त्यांतली बावीस 'नाक' या प्रत्ययाची, महार सैनिकांची. ज्या समाजाला वतनाच्या कागदात नोकर म्हणून आणि गावकुसाबाहेर म्हणून जागा होती, त्याची नावे दगडावर आली ती पलटणीच्या हजेरीपटामुळे. दर १ जानेवारीला लाखो लोक तिथे का जातात, हे ज्याला कळत नाही त्याने हा एवढा फरक पाहावा.

सैन्याच्या नोंदी आपण फार दुर्लक्षितो. दोन्ही महायुद्धांत पडलेल्या सैनिकांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे आहे, ती घरबसल्या पाहता येते, आणि भारतीय शिपायाच्या नावापुढे कित्येकदा बापाचे नाव, गाव, जिल्हा असतो. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडच्या घरांत 'आजोबांचा भाऊ लढाईत गेला तो आलाच नाही' एवढीच आठवण असते. तो बसऱ्याच्या स्मारकाच्या यादीत सापडू शकतो.

कोकणातल्या बेने इस्रायलींनी मात्र दगड आणि आडनाव दोन्ही जपले. अलिबागजवळ नवगावला त्यांची जुनी दफनभूमी आहे, त्यांच्या कबरींवर हिब्रू आणि मराठी दोन्ही आढळतात. रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर ही आडनावे म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशाच. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग १७९६ साली ज्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी बांधले, त्यांना सामाजी हसाजी असेही म्हणत. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली, पण आडनावात गाव असल्यामुळे तिकडे जन्मलेला नातूही दिवे आगर नकाशावर दाखवू शकतो. तंजावरच्या 'रावां'चे नेमके हेच हरवले.

महाराष्ट्राच्या मुख्य दफ्तरांकडे वळले की सामग्री इतकी आहे की दमछाक होते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. गो. स. सरदेसाईंनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ च्या दरम्यान ४५ खंडांत छापले, आणि तो समुद्रातला तांब्याभर. पण घराण्याचा शोध घेणाऱ्याने पेशव्यांच्या पत्रांपेक्षा इनाम कमिशनच्या कागदांत जावे. १८५२ च्या सुमारास इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला विचारले की हे इनाम कोणी दिले, तू त्याचा कोण? लोकांनी सनदा आणि वंशावळी आणून टाकल्या. त्या वेळी कित्येकांची इनामे गेली, घरे धुळीला मिळाली. आज त्याच छळातून जमलेल्या वंशावळी आपल्या उपयोगी पडतात. वाचताना एवढे लक्षात ठेवावे की ज्या भावाचा हक्क मान्य करायचा नव्हता, तो या वंशावळीत निपुत्रिक मेलेला असतो.

ज्याच्याकडे इनाम नव्हते त्याचे काय? त्याला गावच्या नोंदी. गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यू. जुने फेरफार, हक्कनोंदी, आणि शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ क्रमांकावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद झाली. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव मंडणगडजवळचे आंबडवे. बाबासाहेबांच्या घराचा माग सकपाळ या नावाने काढणारा त्या शाळेत अडकेल, आणि आंबेडकर नावाने काढणारा त्याच्या मागे जाऊ शकणार नाही. आडनाव बदलले ती ओळ सापडणे म्हणजेच शोध. रजनीकांत यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड हे सगळ्यांना माहीत आहे. सामान्य माणसाचे असे नाव एखाद्या रजिस्टरात एकदाच सापडते.

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सगळे दफ्तरखाने उघडले. निजामकाळचे कागद, कोतवाल बुके, शाळांची रजिस्टरे, जमिनीचे उतारे. लाखो नोंदी निघाल्या. मोडी वाचणाऱ्यांना तालुक्या-तालुक्यांतून बोलावणी आली. आरक्षणाच्या वादात कोणाची बाजू बरोबर हे इथे ठरवायचे नाही. पण पूर्वजांच्या शोधाच्या दृष्टीने एवढे नक्की की महाराष्ट्रात एवढ्या मोठ्या प्रमाणावर सामान्य शेतकऱ्याचा पणजोबा कागदावर शोधला गेल्याचे मला तरी दुसरे उदाहरण माहीत नाही. आणि त्या शोधाने दाखवून दिले की कागद होते. कसरीने, पावसाच्या पाण्याने आणि बेफिकिरीने जे गेले तेही तेव्हाच दिसले. स्कॅन झालेल्या त्या नोंदी गावनिहाय, नावनिहाय सर्वांना शोधता येतील अशा मांडल्या गेल्या पाहिजेत. एका दाखल्यापुरते काढून परत बासनात बांधले तर पुढच्या वेळी तेही हाताला लागणार नाहीत.

छापील कुलवृत्तांतांबद्दल थोडक्यात. ते चिकाटीचे काम आहे, एकेका संपादकाने शेकडो पोस्टकार्डे लिहून जमवलेले. अलीकडच्या पाच-सहा पिढ्यांसाठी बहुतेक भरवशाचे. पहिल्या प्रकरणातला मूळ पुरुष कुठून आला ही कथा मात्र श्रद्धेने वाचावी, पुरावा म्हणून नव्हे. शिवाय ही परंपरा थोड्याच जातींत रुजली. बाकीच्यांचे कुलवृत्तांत माणसांच्या तोंडी होते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागात हेळवी बैलावर बसून येतात, दारात उभे राहून त्या घराची वंशावळ म्हणतात, नवे जन्म जोडून घेतात आणि धान्य नेतात. भाटांच्या वह्या तशाच. हेळव्याला धान्य देणारे घर असेल तोवरच त्याचा वारसा टिकेल, हे सरळ आहे. त्याच्या मुलाने शिकून नोकरी धरली तर त्याला दोष देता येत नाही. पण त्याची वही आणि त्याचे म्हणणे ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे विद्यापीठांचे काम आहे, आणि ते आजच करायचे आहे.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या हा मला सर्वांत प्रिय कागद. पहिला प्रश्न तोच, मूळ गाव कोणते? गाव सांगितले की वही निघते, आणि पणजोबांच्या हातचा मोडी लेख समोर येतो: अमक्या साली आई-वडिलांच्या अस्थी घेऊन आलो, बरोबर अमुक अमुक. हरिद्वारच्या वह्यांचे सूक्ष्मचित्रण अमेरिकेतल्या युटाच्या वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून सुरू केले. आपल्या नाशिकच्या वह्यांची किंमत आपल्याला त्याआधी कळायला हवी होती. या वह्यांतही एक कमतरता आहे. ज्यांना तीर्थयात्रा परवडली, आणि ज्यांना उपाध्यायाने ओटीवर बसू दिले, त्यांचीच नावे त्यांत आहेत.

गोव्यात पुराभिलेख खाते १५९५ सालापासूनचे, दियोगु दु कोउतु त्याचा पहिला अधिकारी. गावकारीच्या याद्या, चर्चच्या नोंदी, पुढे पोर्तुगीज नागरी नोंदणी, असे तिथे एकावर एक थर आहेत. अलीकडे पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजी-आजोबांचे जन्मदाखले शोधायला रांगा लागल्या, म्हणजे पुन्हा हक्कच. मॉरिशसला करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. माणसाचा क्रमांक, जहाज, गाव, आणि १८६० च्या दशकापासून कित्येकांचे छायाचित्रही. मळेवाल्याला पळालेला मजूर ओळखता यावा म्हणून काढलेले ते छायाचित्र. तिथल्या मराठी घरात आज तोच खापरपणजोबांचा एकमेव फोटो आहे.

जनुकीय चाचण्यांबद्दल सिरुसेरीत फार विचारणा होते, इथे नळीत थुंकी भरून पाठवणे परवडते. समूहाच्या इतिहासाला त्या उपयोगी आहेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेने इस्रायलींत ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश आढळले, त्यांच्या परंपरेला त्याने बळ मिळाले. पण तुमचे आडनाव आणि मूळ गाव थुंकीत नसते.

आता लग्नाकडे येतो. खरी गाठ तिथेच आहे. आपले लग्न म्हणजे वंशावळीची जाहीर तपासणी. गोत्र विचारतात, कन्यादानाच्या संकल्पात वराला अमक्याचा पणतू, नातू, पुत्र म्हणतात. सपिंड पाहायचे म्हणजे जुन्या नियमाने बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने त्या पाच आणि तीन केल्या. म्हणजे आईकडच्या पिढ्या मोजण्याची सक्ती होती. आणि तरी भिंतीवरच्या वंशवृक्षात आईचे माहेर नाही. कारण त्याच मांडवात, तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहून, तिचा माग पुसला जातो. कल्याणला जन्मलेली यमुना जोशी लग्नात आनंदी झाली. अमेरिकेत डॉक्टर होऊन परतली, १८८७ मध्ये पुण्यात वारली, आणि तिची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पॉकिप्सी इथे तिच्या अमेरिकन यजमान कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. तिथल्या दगडावर आनंदी जोशी आहे. यमुना कुठेच नाही. एवढ्या प्रसिद्ध बाईची ही गत, तर आपल्या पणजीचे पाळण्यातले नाव कोणाला ठाऊक असणार? वतनाला तिची गरज नव्हती, इनामाला नव्हती, सातबाऱ्याला नव्हती.

तिची नोंद दोन ठिकाणी मिळते, आणि ती दोन्ही आपण रद्दीत टाकतो. एक लग्नपत्रिका. वर कुलदैवत, मग दोन्हीकडची गावे पोस्ट-तालुक्यासह, 'ज्येष्ठ कन्या', 'द्वितीय चिरंजीव' म्हणजे भावंडांचा क्रम, शक आणि तिथी, खाली मामा, आजोबा, आत्या. तंजावरी घरांत ती तमिळमध्ये किंवा इंग्रजीत छापलेली असेल, तरी माणसे तीच. दुसरी आहेराची वही. कोणी किती दिले हे परतफेडीसाठी लिहिलेले, पण त्यामुळे माहेरचे, आजोळचे, मावसघरचे प्रत्येक माणूस गावानिशी तिच्यात येते. पुरुषांच्या सगळ्या दफ्तरांत न सापडणारे नाते त्या वहीत सापडते. त्यावर ना सरकारी शिक्का असतो ना कोणी ती पुराभिलेखागारात देतो.

या दिवाळीला गावी जाल तेव्हा कपाटावरची पेटी उतरवा. पत्रिका आणि आहेराच्या वह्या वेगळ्या काढा, प्रत्येक पानाचा फोटो घ्या, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसून एकेका नावापुढे तिने सांगितलेले माहेरचे नाव पेनाने लिहा. शाई पक्की वापरा.